व्हॅलोरंट झटके देतोय? फ्रेम एकसारख्या येण्यासाठी पीसी असा लावा

व्हॅलोरंट या ऑनलाइन शूटिंग गेममध्ये कोपऱ्यात एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, येतात तो आकडा) २०० दिसतोय, तरीही स्मोकमधून (धुराच्या पडद्यातून) कुणी बाहेर पडलं की नेमका त्याच वेळी गेम झटका देतो, ही तक्रार फार जणांची आहे. काउंटर खोटं बोलत नाही, पण तो सरासरी सांगतो. एका सेकंदात १९९ फ्रेम पावणेपाच मिलिसेकंदांना एक अशा आल्या आणि एकच फ्रेम ६० मिलिसेकंद रेंगाळली, तरी काउंटरवर २००च दिसणार. ती रेंगाळलेली फ्रेम बहुतेक वेळा चकमकीतच येते, कारण प्रोसेसरवर सगळं काम तेव्हाच एकदम पडतं: खेळाडू, अ‍ॅबिलिटी (पात्रांच्या खास शक्ती), स्मोक, आवाज. त्यामुळे मोठ्या आकड्यामागे न लागता फ्रेम एकसारख्या अंतराने येतात का, ते बघायचं.

आधी मोजा

गेमच्या सेटिंग्जमध्ये व्हिडिओ, मग स्टॅट्स. तिथे क्लायंट एफपीएस, नेटवर्क आरटीटी (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) आणि पॅकेट लॉस (वाटेत हरवणारा डेटा) या तिन्हींचा ग्राफ चालू करा. एक पूर्ण डेथमॅच (सगळे एकमेकांविरुद्ध लढतात तो सामना) खेळा. प्रॅक्टिस रेंजमध्ये मोजू नका, तिथे दहा-बारा जणांचा भार नसतो आणि आकडे उगाच छान दिसतात. झटका बसला त्या क्षणी एफपीएसचा ग्राफ कोसळला, तर दोष पीसीचा. तो सरळ राहिला आणि आरटीटी उसळला किंवा पॅकेट लॉस दिसला, तर दोष नेटचा. एवढं कळलं तरी निम्मं काम झालं. यापुढे एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा मोजा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

मॉनिटर

केबल ग्राफिक्स कार्डलाच लावली आहे ना, ते मागे वाकून बघा. मदरबोर्डच्या पोर्टला लावली की महागडं कार्ड असूनही बहुधा प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सवर गेम चालतो. मग विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे रिफ्रेश रेट (मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो) तपासा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन महिनोन्‌महिने ६० वर खेळणारे कमी नाहीत. ६० हर्ट्झला नवं चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी येतं, १४४ ला ६.९ मिलिसेकंदांनी. यादीत १४४ दिसतच नसेल तर आधी केबल बदला, शक्यतो डिस्प्लेपोर्टची लावा.

रॅम: सर्वांत दुर्लक्षित जागा

व्हॅलोरंट ग्राफिक्स कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त अवलंबून असतो आणि प्रोसेसरला डेटा पुरवते रॅम. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. तिथल्या दोन ओळी बघायच्या: स्पीड आणि स्लॉट्स यूज्ड.

खोक्यावर ३२०० लिहिलेली डीडीआर४ रॅम इथे २१३३, २४०० किंवा २६६६ वर धावताना दिसली, तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या पीसीच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सोय, बंद आहे. पीसी सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा आणि एक्सएमपीचं पहिलं प्रोफाइल निवडून सेव्ह करा. एएमडीच्या डीडीआर५ बोर्डांवर याच सोयीला एक्सपो म्हणतात.

रॅमची एकच कांडी असेल तर त्याच क्षमतेची आणि वेगाची दुसरी बसवा. १६ जीबीची एक कांडी आणि ८-८ जीबीच्या दोन, यात दोन कांड्या बऱ्या, कारण ड्युअल चॅनलमध्ये डेटाची वाट दुप्पट रुंद होते. चार स्लॉटच्या बोर्डावर त्या बहुधा प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसतात. बोर्डाच्या पुस्तिकेत खात्री करा. खटका ‘टक’ वाजून बंद होईपर्यंत कांडी दाबा. अर्धवट बसलेल्या कांडीने पीसी चालूच होत नाही आणि लोक उगाच घाबरतात.

एक्सएमपीनंतर पीसी सुरू झाला नाही तर बहुतेक बोर्ड दोन-तीन प्रयत्नांनी आपोआप जुन्या वेगावर येतात. नाही आले तर वीज काढून बोर्डावरचा नाण्यासारखा सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा. मात्र याने बायोसच्या सगळ्याच सेटिंग्ज मूळपदावर जातात, सिक्युअर बूट (पीसी सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) पण बंद होऊ शकतं. मग विंडोज ११ वर व्हॅलोरंट ‘व्हॅन ९००१’ असा एरर देऊन सुरूच होत नाही. गेम पुन्हा टाकत बसू नका. बायोसमध्ये टीपीएम (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट चालू करा.

गेमच्या आतल्या सेटिंग्ज

डिस्प्ले मोड फुलस्क्रीन, व्ही-सिंक बंद, मल्टिथ्रेडेड रेंडरिंग दिसत असेल तर चालू. मटेरिअल, टेक्श्चर, डिटेल लो. एन्व्हिडियाचं कार्ड असेल तर रिफ्लेक्स (क्लिक आणि स्क्रीन यांतला उशीर कमी करणारी सोय) ‘ऑन’ ठेवा. ‘ऑन प्लस बूस्ट’ कार्डाचा वेग सतत वर धरून ठेवतो, त्यामुळे लॅपटॉप विनाकारण तापतो.

आता एफपीएसवर मर्यादा घाला. ऐन चकमकीत आकडा १७० पर्यंत घसरत असेल तर मर्यादा १६५ ठेवा. ३०० वरून १७० ला आदळणारा गेम हाताला जड लागतो. सतत १६५ वर राहणारा लागत नाही, आणि माउसचा अंदाज हाताला याच सातत्यातून बसतो. मेन्यूसाठी मर्यादा ६० पुरे, तेवढाच पीसी थंड राहतो.

लॅपटॉपवाल्यांसाठी

चार्जर लावूनच खेळा आणि कंपनीच्या अ‍ॅपमध्ये परफॉर्मन्स मोड निवडा. पहिली दहा मिनिटं गेम छान चालून मग घसरत असेल तर ते उष्णतेचं लक्षण आहे: प्रोसेसर ९५ अंशांच्या पुढे गेला की स्वतःचा वेग कमी करतो. मागची बाजू दोन इंच उचला, जाळीतली धूळ काढा. तरीही तसंच राहिलं तर दुकानात थर्मल पेस्ट बदलून घ्या. विदर्भातल्या उन्हाळ्यात ही कामं एप्रिलच्या आधी उरकलेली बरी.

माउस

विंडोजमधलं ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद करा. पोलिंग रेट (माउस सेकंदाला किती वेळा आपली जागा कळवतो) १००० हर्ट्झ पुरेसा आहे. ८००० हर्ट्झचा माउस जुन्या प्रोसेसरवर उलट झटके आणतो.

नेट

सर्व्हर मुंबईचाच निवडला आहे ना ते बघा आणि राउटरपासून कॅट ६ केबल ओढा. केबल शक्यच नसेल तर ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय. सोसायटीत २.४ वर शेजारच्या वीस घरांची गर्दी असते.

पिंग (म्हणजे तोच आरटीटी) एरवी चांगला पण संध्याकाळी मधूनच उडतो? घरातल्या एका मोबाइलवरून मोठा व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लावा आणि आरटीटीचा ग्राफ बघा. तो लगेच चढला तर अपलोडची वाट तुंबते आहे. गेमची छोटी पॅकेट त्या व्हिडिओच्या मागे रांगेत उभी राहतात. राउटरमध्ये क्यूओएस (कोणत्या डेटाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय) असेल तर अपलोडची मर्यादा स्पीड टेस्टमध्ये आलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवा. नसेल तर खेळताना मोबाइलचे फोटो बॅकअप थांबवा. विंडोजमध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनही बंद करा, ते अपडेटच्या फाइल्स इतरांच्या पीसीला पाठवत असतं.

हे करू नका

‘एफपीएस बूस्टर’ अ‍ॅप, कुणीतरी दिलेल्या रजिस्ट्री फाइल्स, विंडोज डिफेंडर कायमचा बंद करणं, यांतून मिळत काही नाही आणि बिघडतं बरंच. विंडोजचा गेम मोड चालू राहू द्या. पार्श्वभूमीला होणारं गेम रेकॉर्डिंग मात्र बंद करा.

बायोस अपडेट केल्यावर एक्सएमपी बंद झालेलं असतं, आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नवा टाकल्यावर रिफ्रेश रेट कधीकधी ६० वर येतो. दोन्ही वेळा टास्क मॅनेजर आणि अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडून बघा, मगच रँक्ड (क्रमवारीच्या) सामन्याला बसा.