पाणी बदलताना अँटी-क्लोरीन: या चुका टाळा

पाणी बदलल्यावर थोड्याच वेळात मासे वर येऊन तोंड उघडमीट करू लागले, की पहिला संशय माशांवरच जातो. दुकानदाराने आजारी मासे दिले, ही जातच नाजूक, यांना आपलं पाणी मानवत नाही, असं काहीबाही बोललं जातं. मासे बहुतेक वेळा धडधाकट असतात. गडबड झालेली असते ती अँटी-क्लोरीनच्या, म्हणजे पाण्यातला क्लोरीन घालवणाऱ्या द्रावणाच्या (यालाच कंडिशनरही म्हणतात) मापात, नाहीतर ते कधी टाकलं यात. नवीन छंद लागलेल्या कितीतरी घरांत पहिले मासे याच कारणाने जातात आणि रिकामा टँक माळ्यावर जातो, याचं मला फार वाईट वाटतं. कारण ही गोष्ट पाच मिनिटांत समजून घेता येण्यासारखी आहे.

नळाच्या पाण्यात क्लोरीन मुद्दाम ठेवलेला असतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) घरापर्यंत पोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा लागतो. विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तेव्हा किमान ०.५. आपल्याला त्याचा त्रास होत नाही, पण माशाचे कल्ले चोवीस तास त्याच पाण्यात उघडे असतात. त्यांची नाजूक त्वचा क्लोरीनने भाजते, मग पाण्यात प्राणवायू असूनही माशाला तो घेता येत नाही. फिल्टरमधले, माशांना विषारी असलेला अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणूही मरतात. त्याचे परिणाम मात्र एक-दोन दिवसांनी दिसतात.

‘दोन झाकणं’ हे माप नव्हे

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. शेजारी सांगतो दोन झाकणं, दुकानदार सांगतो दहा थेंब, आणि आपण बाटली बदलली तरी तेच चालू ठेवतो. सीकेम कंपनीच्या प्राइम या कंडिशनरचं माप २०० लिटरला ५ मिली आहे, म्हणजे १ मिलीत ४० लिटर. एपीआय कंपनीच्या स्ट्रेस कोटचं माप सुमारे ३८ लिटरला ५ मिली, म्हणजे १ मिलीत साडेसात लिटरच्या आसपास. दोन्ही बाटल्या ‘कंडिशनर’च, फरक पाच पटींचा. प्राइमच्या सवयीने स्ट्रेस कोट टाकलं तर बहुतेक क्लोरीन तसाच राहील. म्हणून नवीन बाटली आणली की आधी तिच्यावरचं लेबल वाचा. सुटं, लेबल नसलेलं द्रावण स्वस्त पडतं, पण त्याची ताकद कोणालाच माहीत नसते. मी ते घेऊ नका असंच सांगेन.

थेंबांवरही विसंबू नका. द्रावण पातळ की दाट, ड्रॉपरचं तोंड केवढं, यावर थेंब लहानमोठा होतो. मेडिकलमध्ये २ मिलीची सिरिंज काही रुपयांत मिळते. सुई काढून टाका आणि सिरिंज बाटलीला रबरबँडने बांधून ठेवा.

आता लिटर. टँकची लांबी, रुंदी, उंची इंचात मोजून गुणाकार करा आणि ६१ ने भागा. २४ × १२ × १२ चा दोन फुटी टँक सुमारे ५७ लिटरचा येतो. पण पाणी काठापर्यंत कोणी भरत नाही, तळाला खडी असते. प्रत्यक्षात पाणी ४५ लिटरच्या आसपास भरतं. हा आकडा टेपवर लिहून टँकच्या मागच्या काचेला चिकटवा.

बादली की पाइप?

बादलीने पाणी घालत असाल, तर माप बादलीचं. २० लिटरच्या बादलीला प्राइम अर्धा मिली. आधी कंडिशनर, मग नळ सोडायचा, म्हणजे पाण्याच्या धारेनेच ते मिसळतं. क्लोरीनवर त्याचं काम एक-दोन मिनिटांत होतं, तासभर थांबायची गरज नसते.

पाइप लावून थेट टँकमध्ये भरत असाल, तर हिशेब बदलतो. निम्मं पाणी बदललं तरी डोस पूर्ण टँकचा धरायचा, आणि पाइप सुरू करण्याआधी टाकायचा. कारण कंडिशनर टँकमधल्या सगळ्या पाण्यात पसरून विरळ होतं, आणि येणारा क्लोरीन तोवर माशांपर्यंत पोचतो. ‘आधी भरू, मग टाकू’ हा क्रम इथे महागात पडतो.

सोसायटीची टाकी धुतली त्या दिवशी

हा मुद्दा परदेशी व्हिडिओंमध्ये कधी सापडायचा नाही. आपल्याकडे नळाचं पाणी आधी इमारतीच्या तळटाकीत, मग गच्चीवरच्या टाकीत जातं. टाकी साफ करताना ब्लीचिंग पावडर वापरली, तर नंतरचे एक-दोन दिवस पाण्यात क्लोरीन नेहमीपेक्षा खूप जास्त असू शकतो. गावात ग्रामपंचायत विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडरच) टाकते तेव्हाही तेच. टँकरच्या पाण्यातही ती टाकलेली असू शकते. लेबलवरचा नेहमीचा डोस अशा वेळी कमी पडू शकतो. नोटीस बोर्डावर टाकी सफाईची सूचना दिसली, की त्या दिवसांत पाणी बदलूच नका. चार दिवस उशीर झाल्याने मासे मरत नाहीत.

पावसाळ्यात पाणी गढूळ येतं, क्लोरीनही वाढवला जातो. शिवाय पाण्यात अमोनिया असेल, तर त्याच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतं. बादली रात्रभर उघडी ठेवली की साधा क्लोरीन बराचसा उडून जातो. क्लोरामाइन तसं जात नाही. साध्या अँटी-क्लोरीनने ते फुटतं, पण मागे अमोनिया सुटतो. जुना, रुळलेला फिल्टर एवढा अमोनिया पचवतो. महिन्याभराच्या नव्या टँकला ते जमेलच असं नाही. नव्या टँकसाठी लेबलवर क्लोरामाइन आणि अमोनिया दोन्हींचा उल्लेख असलेलंच कंडिशनर घ्या. शंका असेल तर स्विमिंग पूलसाठी मिळणाऱ्या पट्ट्यांनी क्लोरीन तपासता येतो. नाकाला वास आला नाही म्हणजे क्लोरीन नाही, असं समजू नका.

फक्त बोअरवेलचं पाणी असेल, तर क्लोरीनचा प्रश्न सहसा नसतो. मात्र बऱ्याच सोसायट्यांत बोअर आणि नळाचं पाणी एकाच टाकीत येतं. वॉचमनला विचारून घ्या.

निळी बाटली वेगळी

दुकानात अँटी-क्लोरीनच्या शेजारीच मेथिलीन ब्लूची बाटली असते. पाणी निळं झालं म्हणजे ‘औषध लागलं’ असं समजून कितीतरी जण पाणी बदलताना तेच टाकतात. मेथिलीन ब्लू बुरशीवरचं औषध आहे. क्लोरीन घालवण्याचं काम ते करत नाही, उलट फिल्टरमधल्या जिवाणूंना त्रास देऊ शकतं. टँकमध्ये पोटॅशियम परमँगनेट या जंतुनाशकाचा उपचार चालू असताना कंडिशनर टाकू नका, कारण ते परमँगनेटच निकामी करतं.

हायपोचे खडे

पांढरे पारदर्शक खडे म्हणजे सोडियम थायोसल्फेट, फोटोग्राफर वापरायचे तेच हायपो. स्वस्त आणि उत्तम. पण खडा उचलून थेट टँकमध्ये टाकू नका. १० ग्रॅम खडे १०० मिली पाण्यात विरघळवा. १ मिलिग्रॅम क्लोरीनसाठी जास्तीत जास्त ७ मिलिग्रॅम हायपो लागतं. म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन धरला, तरी २० लिटरच्या बादलीला हे द्रावण दीड मिली पुरतं. थोडंच बनवा, झाकण घट्ट लावून अंधारात ठेवा. महिनोन् महिने पडलेल्या द्रावणाची ताकद उतरते.

डोस थोडा जास्त झाला, तर घाबरायचं कारण नाही. भरमसाट ओतणं मात्र बरं नव्हे, विशेषतः एप्रिल-मेमध्ये. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो, आणि काही कंडिशनर तो आणखी खेचतात. एअर पंप चालू ठेवा.

मासे आधीच वर आले असतील तर

पूर्ण टँकचा डोस लगेच टाका, एअर पंप पूर्ण सोडा, दिवा बंद करा. मग थर्मामीटर बघा. गच्चीच्या टाकीतलं दुपारचं पाणी बरंच तापलेलं असतं, आणि कधी कधी सगळा दोष त्या उष्णतेचाच असतो. घाबरून पुन्हा नळाचं पाणी घालू नका, आणि त्या दिवशी खाणं देऊ नका.

मासे तासाभरात सावरले, तरी पुढचे तीन-चार दिवस अमोनिया तपासा. फिल्टरमधले जिवाणू गेले असतील, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मासे पुन्हा मलूल होतात आणि लोक त्याला नवीन आजार समजून औषधं ओततात. त्या दिवसांत चिमूटभरच खाणं, रोज थोडं कंडिशन केलेलं पाणी, एवढंच पुरे. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवू नका. टँकमधून काढलेल्या पाण्यातच तो पिळून घ्या.