एकच कोड, तीन ठिकाणं: वेब अ‍ॅपची सेटिंग्ज कुठे ठेवायची

कोल्हापुरातल्या चप्पल लाइनमधल्या एखाद्या दुकानासाठी ऑनलाइन ऑर्डर घेणारं अ‍ॅप करताय असं धरा. ते तुमच्या लॅपटॉपवर चालणार, चाचणीच्या सर्व्हरवर चालणार आणि शेवटी प्रॉडक्शनवर, खऱ्या गिऱ्हाइकांसमोर. तिन्हीकडे कोड तोच हवा. बदलायचा तो डेटाबेसचा पत्ता, पेमेंट गेटवेची की (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेचा पासवर्डसारखा गुप्त कोड), एसएमएस पाठवायचे की नाही, एवढंच. 'प्रॉडक्शन असेल तर असं कर' अशा अटी कोडभर पेरू नका. तो भाग लॅपटॉपवर कधी चालतच नाही, त्यामुळे त्यातली चूक थेट गिऱ्हाइकालाच सापडते.

ही सेटिंग्ज एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडबाहेर त्या त्या मशीनवर ठेवलेल्या नाव-व्हॅल्यूच्या जोड्यांमध्ये काढा. लॅपटॉपवर त्यासाठी डॉट-ईएनव्ही (.env) फाइल पुरते. गिटमध्ये पहिलं कमिट करण्याआधीच, म्हणजे कोडची पहिली नोंद होण्याआधीच, ती गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) टाका. नावं तीच पण व्हॅल्यू रिकाम्या, अशी नमुना फाइल मात्र रिपॉझिटरीत हवीच. एखादी की चुकून कमिट झाली तर फाइल डिलीट करून भागत नाही, ती गिटच्या हिस्टरीत राहते. आधी की रद्द करून नवी घ्या. सर्व्हरवरच्या फाइलची परमिशन ६०० ठेवा, म्हणजे ती फक्त मालक युजरलाच वाचता-लिहिता येते.

व्हेरिएबलमधून येतं ते सगळं स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर असतं. एसएमएससमोर 'फॉल्स' लिहिलंत तरी जावास्क्रिप्टच्या लेखी ती भरलेली स्ट्रिंग, म्हणजे 'ट्रू'च. मग चाचणीच्या सर्व्हरवरून खऱ्या लोकांना मेसेज जातात. म्हणून सगळी व्हेरिएबल्स एकाच फाइलमध्ये वाचा, तिथेच नंबर आणि बूलियन (खरं-खोटं) करून घ्या. एखादं नसेल तर त्याचं नाव सांगून अ‍ॅप तिथेच थांबवा. डेटाबेसच्या पत्त्याला डिफॉल्ट (काही न दिल्यास आपोआप धरली जाणारी व्हॅल्यू) देऊच नका.

फ्रंटएंडचं, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भागाचं वेगळं आहे. व्हीट (Vite) या फ्रंटएंड तयार करायच्या टूलमध्ये या व्हॅल्यू बिल्ड करतानाच, म्हणजे अंतिम फाइली बनवतानाच, जावास्क्रिप्टमध्ये उतरतात. नंतर सर्व्हरवर बदलून काही होत नाही, बिल्ड पुन्हा करावं लागतं. शिवाय ब्राउझरमध्ये त्या कुणीही वाचू शकतो, तेव्हा गुप्त की तिथे नको.

टाइमझोन मात्र मशीनवर सोडू नका. लॅपटॉप भारतीय वेळेवर असतो, सर्व्हर बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर), म्हणजे साडेपाच तास मागे. १ एप्रिलच्या पहाटे २ वाजता आलेली ऑर्डर तिथे ३१ मार्च रात्री ८:३० ची ठरते आणि बिल मागच्या आर्थिक वर्षात जातं. डेटाबेसमध्ये यूटीसी ठेवा आणि बिलाची तारीख काढताना 'एशिया/कोलकाता' हा झोन कोडमध्येच लिहा.