मिळकतीवरून घराण्याचा माग: मध्ययुगीन इंग्लिश शहरवासीयाची वंशावळ कशी शोधावी

बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद प्रत्येक पॅरिशने, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागाने, ठेवावी, असा हुकूम इंग्लंडमध्ये १५३८ साली निघाला. त्याआधीच्या माणसाची जन्मनोंद शोधायला बसलात, तर बहुतेक वेळा हाती काहीच लागत नाही. म्हणून माणसाच्या मागे न धावता त्याच्या मिळकतीच्या मागे जायचं. घर, दुकान, कर्ज किंवा वारसा एका हातातून दुसऱ्या हातात गेला की दस्त व्हायचा, आणि त्या दस्तात बाप, बायको, सावत्र भाऊ असे सगळे हजर असायचे.

उदाहरणाला कवी जेफ्री चॉसरचं घराणं घेऊ. तो पुढे राजदरबारी पोचला, पण मूळचा लंडनच्या वाइन व्यापाऱ्याचा मुलगा.

शेवटून सुरुवात करा

ज्याची तारीख पक्की आहे असा एक दस्त धरा आणि तिथून मागे जा. १९ जून १३८१ रोजी जेफ्रीने वडिलांच्या लंडनमधल्या घरावरचा हक्क हेन्री हर्बरी नावाच्या व्यापाऱ्याच्या नावे सोडून दिला. या हक्कसोड पत्रात तो स्वतःची ओळख ‘लंडनचे वाइन व्यापारी जॉन चॉसर यांचा मुलगा’ अशी देतो. बाप, बापाचा धंदा आणि घर, तिन्ही एका ओळीत मिळाले. आता पुढचा प्रश्न घराबद्दल विचारायचा: ते जॉनकडे कुठून आलं, आणि शेजारी कोण होते? साक्षीदारांची नावंही उतरवून घ्या. धंद्यातले भागीदार आणि सोयरे बरेचदा तिथेच सापडतात.

तारखांपाशी सावध राहा. दस्तात इसवी सन क्वचितच असतो, राजाच्या कारकिर्दीचं वर्ष असतं. तेव्हाचा राजा दुसरा रिचर्ड, त्याचं वर्ष २२ जूनला बदलायचं. त्यामुळे वरचं हक्कसोड पत्र त्याच्या चौथ्या वर्षातलं. तीन दिवस उशिरा झालं असतं तर पाचव्या वर्षात गेलं असतं. शिवाय तेव्हा इंग्लंडमध्ये इसवी सनाचं नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतली तारीख आपल्या हिशेबाने पुढच्या सालात धरावी लागते.

मृत्युपत्रं वाचा

लंडनच्या नागरिकाला शहरातली आपली जागा मृत्युपत्राने देता येत असे. ते मृत्युपत्र हस्टिंग नावाच्या शहराच्या न्यायालयात नोंदवलं जाई. त्या न्यायालयाच्या चर्मपत्राच्या गुंडाळ्यांत १२५८ पासूनची मृत्युपत्रं आहेत, आणि त्यांचा इंग्रजी गोषवारा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापला गेला. १३४९, म्हणजे प्लेगचं वर्ष, मुद्दाम बघा. एकट्या चॉसरच्या गोतावळ्यातली तीन माणसं त्या साली गेली: जॉनचा सावत्र बाप रिचर्ड, सावत्र भाऊ टॉमस हेरन, आणि जेफ्रीची आई अ‍ॅग्नेस हिचा नातलग हेमो दि कॉप्टन, जो टांकसाळीत होता. टॉमसच्या मृत्युपत्राची अंमलबजावणी जॉनकडे आली आणि त्या कामात त्याने टॉमसला नुसतं ‘भाऊ’ म्हटलं आहे. सावत्र, सख्खा, मेहुणा हे भेद अशा दस्तांत पाळलेले नसतात, तेव्हा दुसरा पुरावा मिळेपर्यंत नातं पक्कं करू नका. तसंच, ज्या मुलाला आधीच वाटा देऊन झालेला असतो त्याचं नाव मृत्युपत्रात नसूही शकतं.

आडनावावर विसंबू नका

जेफ्रीच्या आजोबांचं नाव रॉबर्ट. दस्तांत तो कधी मॅलिन, कधी डेनिंग्टनचा, कधी चॉसर म्हणून भेटतो. लंडनमध्ये तो जॉन ल चॉसर नावाच्या कापडव्यापाऱ्याकडे कामाला होता आणि त्याच्यावरून हे नाव घेतलं असावं, असं अभ्यासक मानतात. म्हणजे आडनाव बापाकडून आलेलं नाही, मालकाकडून आलेलं! नुसतं ‘चॉसर’ शोधत गेलात, तर परक्या माणसाला पणजोबा करून बसाल. मिळकत तीच आणि बायको तीच असेल, तरच माणूस तोच.

खटले सोडू नका

माझ्या मते सर्वात श्रीमंत ठेवा इथे आहे. पूर्व इंग्लंडमधल्या इप्सविच या गावातल्या मिळकतीचा वारस, जेफ्रीचा बाप जॉन, हा तेव्हा चौदा वर्षांचाही नव्हता. डिसेंबर १३२४ मध्ये त्याची आत्या अ‍ॅग्नेस दि वेस्टहेल हिने माणसं घेऊन त्याला लंडनमधून पळवून नेलं. आपली मुलगी जोन हिच्याशी, म्हणजे त्याच्याच आतेबहिणीशी, त्याचं लग्न लावून मिळकत घरातच ठेवायचा बेत होता. रिचर्ड आणि टॉमस मागे लागले, मुलगा परत आणला, आणि न्यायालयाने २५० पौंडांची भरपाई ठरवली. त्या काळी ती प्रचंड रक्कम होती. या एका भांडणातून मुलाचं अंदाजे वय, आत्या, आतेबहीण, सावत्र बाप, सावत्र भाऊ आणि आजोळ नव्हे तर वडिलांकडचं गाव, एवढं सगळं हाती येतं. गुण्यागोविंदाने नांदलेल्या घराने इतकं मागे ठेवलं नसतं.

वयासाठी साक्षी बघा. १३८६ मध्ये दोन सरदार घराण्यांतल्या कुलचिन्हाच्या वादात जेफ्रीने साक्ष दिली. तिथे त्याचं वय ‘चाळीस आणि त्याहून अधिक’ लिहिलं आहे. त्याच्या जन्मसालाचा अंदाज मुख्यतः यावरच उभा आहे.

विधवा आणि पोरकी मुलं

विधवा लवकर पुनर्विवाह करत, बरेचदा नवऱ्याच्याच धंद्यातल्या माणसाशी. जॉन १३६६ च्या सुमारास वारला आणि मे १३६७ पर्यंत जेफ्रीची आई अ‍ॅग्नेस बार्थोलोम्यू चॅपल या वाइन व्यापाऱ्याची बायको झालेली दिसते. स्त्रीचा माग सुटला असं वाटलं, तर नव्या नवऱ्याच्या नावाने शोधा. नागरिकाच्या पोरक्या मुलांचा सांभाळ लंडनचे मेयर आणि आल्डरमन, म्हणजे शहराच्या कारभारातले ज्येष्ठ सभासद, ठरवून देत. पालकाचं नाव, मुलांची नावं, कधी वयंही शहराच्या ‘लेटर बुक्स’मध्ये उतरलेली आहेत.

कुठे शोधायचं

घरबसल्या सुरुवात ब्रिटिश हिस्टरी ऑनलाईनवरून करा. हस्टिंगच्या मृत्युपत्रांचे आणि लेटर बुक्सचे गोषवारे तिथे आहेत. मूळ गुंडाळ्या लंडन शहराच्या अभिलेखागारात आहेत, तर राजाच्या न्यायालयांचे आणि करांचे कागद लंडनमधल्या क्यू या भागातल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये. तिथले जमिनीच्या तडजोडींचे तुकडे जरूर बघा: एकाच चर्मपत्रावर मजकूर तीनदा लिहून नागमोडी रेषेत कापत, दोन भाग दोन्ही पक्षांना देत आणि तळाचा भाग न्यायालय ठेवून घेई. ११९५ पासूनचे हे तुकडे आहेत आणि त्यांत नवरा-बायको दोघांची नावं बरेचदा येतात.

तुमचा माणूस यॉर्कचा असेल, तर १२७२ पासूनची नागरिकांची नोंदवही बघा. वडिलांच्या हक्काने नागरिक झालेल्यांच्या नावापुढे वडिलांचं नाव असतं. इतर शहरांसाठी १३७७, १३७९ आणि १३८१ च्या डोईपट्टीच्या याद्या उपयोगी पडतात. मात्र शेवटच्या यादीतून लोकांनी कर चुकवण्यासाठी घरातल्या अविवाहित मुली आणि विधवा आया सर्रास वगळल्या. त्या यादीत एखादी बाई दिसली नाही म्हणून तिला वंशावळीतून खोडू नका.