कंपनीनं लवादाची अट दाखवली म्हणून दावा सोडू नका: या चुका टाळा

नागपुरात उन्हाळा लागला की घरोघरी कूलर सुरू होतात, आणि कूलरचा करंट लागून कुणी दगावल्याच्या बातम्याही येऊ लागतात. कुठे गीझर फुटतो, कुठे ई-स्कूटरची बॅटरी पेट घेते. घरचे भरपाई मागतात तेव्हा कंपनीचा इंग्रजी ई-मेल येतो: खरेदीच्या अटींप्रमाणे वाद लवादाकडे, म्हणजे कोर्टाबाहेर निवाडा देणाऱ्या खासगी पंचाकडे, जाईल आणि लवाद बेंगळुरूत बसेल. इथेच बरीच कुटुंबं हात टेकतात. पण ती अट ग्राहकाला अडवू शकत नाही. दावा बिघडतो तो पुढच्या काही आठवड्यांत घरच्यांच्या हातून होणाऱ्या चुकांमुळे.

'आपणच सही केली' म्हणून गप्प बसणं

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 चं कलम 100 सांगतं की हा कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे. म्हणजे करारात लवादाची अट असली तरी ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या ग्राहक आयोगाचं दार उघडंच राहतं. 1986 च्या कायद्यातही हीच तरतूद होती. तिच्याच आधारावर सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात शेतकऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला. करारात लवादाची अट होती, तरी त्यांची ग्राहक तक्रार योग्य ठरली. लवाद कायद्यात 2015 साली दुरुस्ती झाल्यावर कंपन्यांनी पुन्हा तोच मुद्दा काढला. 10 डिसेंबर 2018 रोजी एमार एमजीएफ या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला. 5 ऑक्टोबर 2023 च्या निकालात तर न्यायालयानं स्पष्ट केलं की ग्राहकावर लवाद लादता येत नाही, निवड त्याची आहे.

इंटरनेटवर अमेरिकेतले लेख वाचून घाबरणारेही भेटतात. तिथे 1925 चा लवाद कायदा आणि 2011 चा एटी अँड टी मोबिलिटीचा निकाल यांमुळे अशा अटी ग्राहकाला बऱ्याच अंशी बांधतात. आपल्याकडचा कायदा तसा नाही.

लवादापुढे नकळत हजर होणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. 2012 च्याच निकालात म्हटलं आहे की ग्राहकानं आधी लवादाचा मार्ग धरला, तर नंतर ग्राहक तक्रार करता येणार नाही असं म्हणता येऊ शकेल. म्हणून कंपनीनं पाठवलेल्या लवादांच्या नावांपैकी एक निवडणं, संमतीपत्र भरणं, 'बघू तरी काय म्हणतात' म्हणून ऑनलाइन सुनावणीला बसणं, यातलं काहीही करू नका. नोटीस बाजूला टाकून देणंही धोक्याचं, कारण लवाद एकतर्फी निवाडा देऊ शकतो. दोन ओळींचं उत्तर पाठवा: 'मी ग्राहक आहे, ग्राहक आयोगाचा मार्ग निवडला आहे, लवादाला माझी संमती नाही.' ई-मेलसोबत स्पीड पोस्टनंही पाठवा आणि पावती जपा.

आयोग दोन्ही बाजूंच्या संमतीनं जी मध्यस्थी सुचवतो, ती वेगळी. तिला घाबरू नका.

चुकीच्या दारात जाणं

काही जण थेट दिवाणी दावा लावतात. तिथे लवाद कायद्याचं कलम 8 कंपनीच्या कामी येतं: करारात वैध अट असेल, तर न्यायालय पक्षकारांना लवादाकडे पाठवतं. ग्राहक आयोगात ती अडचण नाही. मात्र तुम्ही ग्राहक असायला हवं. मंगल कार्यालयासाठी वीस कूलर घेतले असतील तर ती व्यावसायिक खरेदी ठरेल आणि लवादाची अट खरोखर आड येईल. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेलं शिलाई मशीन मात्र ग्राहकाच्याच व्याख्येत बसतं. वस्तू घरात दुसऱ्यानं घेतली आणि वापरताना इजा तुम्हाला झाली, तरी तुम्ही ग्राहक आहात.

वस्तू दुरुस्त करून टाकणं

मिस्त्रीला बोलावून मोटर बदलली की पुरावा गेला. वर कंपनी म्हणणार, वस्तूत फेरफार केला होता. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 87 नुसार तो तिचा बचाव होऊ शकतो. वस्तू आहे तशी झाकून ठेवा, मॉडेल नंबरच्या पट्टीचे आणि अर्थिंगचे फोटो काढा. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो, पण त्यासाठी वस्तू हवी. मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांत नेलं असेल तर इजा कशानं झाली हे केस पेपरवर नोंदवून घ्या. विजेच्या अपघाताची माहिती विद्युत निरीक्षकाच्या कार्यालयाला द्या.

कलम 84 निर्मात्याची जबाबदारी ठरवतं. सदोष बांधणी, सदोष रचना, वापराच्या अपुऱ्या सूचना, सगळं त्यात येतं. स्थानिक जुळणीच्या कूलरचा निर्माताच सापडत नसेल, तर कलम 86 खाली विक्रेत्याला धरता येतं.

कंपनी नवीन वस्तू देऊ करील आणि सोबत 'फुल अँड फायनल'चा कागद पुढे करील. सही करायचीच असेल तर 'फक्त वस्तूच्या बदलीपुरतं, दुखापतीचा दावा राखून' एवढं हातानं लिहा. ते मान्य नसेल तर सही करू नका.

कस्टमर केअरच्या भरवशावर मुदत घालवणं

तक्रारीची मुदत 2 वर्षं आहे. ई-मेल चालू आहेत म्हणून ती वाढत नाही. अटींमध्ये 'फक्त दिल्लीचं न्यायक्षेत्र' लिहिलं असलं, तरी तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे नागपूरकरांसाठी नागपूरच्याच जिल्हा आयोगात. जिल्हा आयोगाची 50 लाखांची मर्यादा वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर धरतात, मागितलेल्या भरपाईवर नाही. किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल होते, 1915 या हेल्पलाइनवर प्राथमिक माहिती मिळते.

उत्तर द्यायला कंपनीला 30 दिवस मिळतात, फार तर आणखी 15. त्या उत्तरात लवादाचा आक्षेप येईलच असं धरून चाला आणि 2018 व 2023 च्या निकालांच्या प्रती तक्रारीलाच जोडून ठेवा. जिल्हा आयोगाचा आदेश विरोधात गेला, तर 45 दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येतं. त्याचं खंडपीठ नागपुरातच आहे, मुंबईला जावं लागत नाही.