सिक्लिडसाठी पेलेट घेताय? या चुका टाळा

माशांच्या पेलेटच्या, म्हणजे दाणेदार खाद्याच्या, डब्यावर ठळक अक्षरांत ‘सिक्लिड’ लिहिलंय म्हणून तो उचलायचा, ही पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. ऑस्कर सिक्लिड, फ्लॉवरहॉर्न सिक्लिड, एंजल आणि डिस्कसही सिक्लिड, मलावीचे निळे-पिवळे मासेही सिक्लिडच. कूळ एक असलं तरी प्रत्येकाचं पोट वेगळं आहे.

आफ्रिकेतल्या मलावी तलावातले एम्बुना, म्हणजे खडकांत राहणारे सिक्लिड, दिवसभर खडकावरचं शेवाळ आणि त्यात दडलेले बारीक जीव खरवडून खातात. त्यांचं आतडं लांब, हळूहळू पचवणारं. ऑस्कर ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. किडे, झिंगे, लहान मासे हे त्याचं खाणं. या दोघांना एकाच लाल पेलेटवर ठेवलं तर कुणाचे तरी हाल होणारच. एम्बुनासाठी स्पिरुलिना किंवा इतर शेवाळ घटकांच्या यादीत वरच असलेलं, साधारण ३५ ते ४० टक्के प्रोटीनचं खाद्य घ्या. ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्नला ४० ते ४५ टक्के चालतं, पण ते मासळी, क्रिल, झिंगे यांतून आलेलं हवं. यातही अपवाद आहेच: इलेक्ट्रिक यलो हा एम्बुनातच मोडतो, पण त्याचा ओढा किड्या-कीटकांकडे जास्त, त्यामुळे त्याला थोडं जास्त प्रोटीन मानवतं.

प्रोटीनचा नुसता आकडा बघून डबा घेऊ नका. गव्हाचं ग्लुटेन आणि सोया घालूनही हा आकडा चढवता येतो. डबा उलटा करा आणि घटकांची यादी वाचा. सहसा जे जास्त घातलंय ते आधी लिहिलेलं असतं. पहिल्या दोन-तीन नावांत गहू, मैदा, स्टार्चच दिसलं तर तो डबा परत ठेवा. मोघम ‘फिश मील’पेक्षा माशाचं नाव दिलेलं असेल तर जास्त भरवसा ठेवता येतो. आणि फ्लॉवरहॉर्नचं डोकं, म्हणजे कपाळावरचा फुगवटा, वाढवून देणारं खाद्य म्हणून जे विकतात, त्यासाठी दुप्पट पैसे मोजू नका. डोकं मुख्यतः वाणावर आणि नर-मादीवर ठरतं. चांगल्या खाण्याने तब्येत आणि रंग सुधारतो, तेवढीच अपेक्षा ठेवा.

घरी एक साधी परीक्षा करून बघा. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, चार दाणे टाका आणि दहा मिनिटं थांबा. चांगला दाणा फुगतो, मऊ पडतो, पण आकार सोडत नाही. हलक्या प्रतीचा दाणा कडेने सुटायला लागतो, तळाशी पिठूळ थर बसतो, पाण्यात लालसर रंग उतरतो. टँकमध्ये तेच पीठ फिल्टरच्या स्पंजात जाऊन कुजतं.

दाण्याच्या आकाराकडेही लक्ष द्या. मासा दाणा तोंडात घेऊन पुन्हापुन्हा थुंकत असेल, तर बहुतेक वेळा दाणा मोठा किंवा कडक असतो. ब्लड पॅरट या सिक्लिडचं तोंड नीट मिटत नाही, त्याला लहान, मऊ आणि हळू बुडणारा दाणा द्या. वर तरंगणारे दाणे गिळताना हवा घेऊन मासा तिरका पोहू लागला, तर बुडणाऱ्या पेलेटवर या. ब्रँड बदलताना आठवडाभर जुनं-नवं मिसळून द्या.

खान्देशचा उन्हाळा आणि डबा

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ वर जातो आणि खाद्याचा डबा टँकच्या झाकणावर, लाइटच्या शेजारी पडलेला असतो. या उष्णतेत पेलेटमधलं तेल खवट होतं आणि क जीवनसत्त्व झपाट्याने कमी होतं. खवट खाद्य मासा खातोही, पण ते अंगी लागत नाही. स्वस्त पडतं म्हणून किलोचा डबा घेऊ नका. दीड-दोन महिन्यांत संपेल एवढाच घ्या. पारदर्शक पिशवीत मोजून दिलेलं सुटं खाद्य तर टाळाच, ते कधी फोडलंय हे कळायला मार्ग नसतो. महिन्याभराचं खाद्य लहान बरणीत काढा, उरलेलं हवाबंद करून फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिजमधून काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर आत दव धरतं. आणि ओली बोटं डब्यात घालायची नाहीत. लोणच्याच्या बरणीचा नियम इथेही लागू आहे.

आपल्याकडे बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड आणि क्षारयुक्त. मलावीच्या माशांना ते मानवतं. पण अशा पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कपणा दाखवणारा आकडा) सहसा ७ च्या वर असतो, म्हणून त्यात जास्त खाऊ घालणं फार घातक ठरतं. उरलेल्या खाद्यातून आणि विष्ठेतून अमोनिया तयार होतो आणि पीएच ७ वरून ८ वर गेला की त्यातला विषारी वाटा जवळजवळ दहापट होतो. पाणी तापलं की तो आणखी वाढतो. त्यात गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम, ३२ अंशांना सुमारे ७.३. म्हणून उन्हाळ्यात दोन मिनिटांत संपेल एवढंच घाला, सकाळी ऊन चढायच्या आत, आणि आठवड्यातून एक दिवस उपास. लाइट जाण्याची वेळ ठाऊक असेल तर त्याआधी खायला घालू नका, कारण फिल्टर बंद पडल्यावर सगळा भार नुसत्या पाण्यावर येतो.

मासा खाणं सोडून कोपऱ्यात राहतोय, पोट फुगलंय, विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी आहे? एम्बुनात ही ब्लोटची, म्हणजे पोट फुगण्याच्या आजाराची, लक्षणं असू शकतात. चुकीचं खाणं, घाण पाणी, टँकमधली मारामारी, यांतलं काहीही त्यामागे असतं. अशा वेळी चवीचं काहीतरी घालून त्याला खायला लावू नका. दोन-तीन दिवस खाद्य बंद ठेवा, अमोनिया-नायट्राइट तपासा, पाव ते तृतीयांश पाणी बदला. फरक पडला नाही तर औषधासाठी जाणकाराला गाठा.

आखाजीला गावी जाताना शेजाऱ्यांच्या हाती अख्खा डबा देऊ नका. ‘भाऊ, मासे भुकेले वाटत होते’ म्हणून मूठभर दाणे पडतात आणि चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालेलं असतं. मोठा, धडधाकट सिक्लिड चार-पाच दिवस न खाता सहज राहतो. निघण्याआधी पाणी बदला, फिल्टर बघा, शेजाऱ्यांना फक्त पंप चालू आहे का एवढंच बघायला सांगा. पिल्लं असतील तर रोजचे दाणे मोजून कागदाच्या पुड्या बांधा, वर वार लिहा, डबा कपाटात ठेवा. परत आल्यावर पहिल्या दिवशी नेहमीच्या निम्मंच घाला.