जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर तोंडाची निगा राखताना या चुका टाळा

जबडा पुढे-मागे सरकवून चावा जुळवण्याच्या शस्त्रक्रियेत छेद बहुतेक वेळा तोंडाच्या आतून घेतला जातो. त्यामुळे चेहऱ्यावर व्रण राहत नाही, पण टायटॅनियमच्या पट्ट्या, स्क्रू आणि टाके अशा जागी राहतात जिथे शेकडो जातींचे जिवाणू कायमच वस्तीला असतात. तोंड निर्जंतुक करता येत नाही आणि तशी गरजही नसते. जखम भरून येईपर्यंत जिवाणूंचा थर दातांवर आणि टाक्यांवर साचू द्यायचा नाही, हे मात्र रुग्णाच्या हाती असते. घरी आल्यानंतरच्या बहुतेक चुका हे नीट न समजल्यामुळे होतात.

दुखेल म्हणून ब्रश बंद ठेवणे

ही सर्वांत मोठी चूक आहे, आणि तिच्यामागची भीती समजण्यासारखी आहे. ओठ सुजलेला असतो, तोंड बोटभरही उघडत नाही, टाके तुटतील असे वाटते आणि मग नुसत्या गुळण्यांवर दिवस काढले जातात. हिरड्यांच्या आजारांचे संशोधक हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1965 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या स्वयंसेवकांना दात घासणे थांबवायला सांगितले होते. दोन ते तीन आठवड्यांच्या आत त्या सगळ्यांच्या हिरड्यांना सूज आली, आणि घासणे पुन्हा सुरू केल्यावर ती ओसरली. त्यांची तर शस्त्रक्रियाही झालेली नव्हती. जबड्याच्या रुग्णाच्या दातांवर तारा आणि ब्रॅकेट (तार धरून ठेवणारे, दाताला चिकटवलेले छोटे तुकडे) असतात, त्यांवर रबर अडकवलेले असते, म्हणजे थर साचायला जागा कितीतरी अधिक असते.

शल्यचिकित्सकांनी परवानगी दिली की, आणि ती सहसा लवकरच मिळते, लहान मुलांसाठी मिळतो तसा छोट्या डोक्याचा, अतिशय मऊ ब्रश घ्यावा. आरशासमोर बसून एका बोटाने गाल हलकेच बाजूला धरावा, ब्रश दाताच्या पृष्ठभागाला टेकवूनच आत सरकवावा आणि ब्रॅकेटच्या वर व खाली, हिरडीच्या कडेपर्यंत, लहान गोलाकार हालचालींनी फिरवावा. गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खोबणीत टाक्यांची रेघ असते, तिथे ब्रश न्यायचा नाही. ती जागा कोमट मिठाच्या पाण्याने, जोर न लावता, धुवायची. रबर काढायचे की नाही हे स्वतः ठरवू नये, कारण नव्या जागी बसवलेला जबडा त्याच्याच आधाराने स्थिर होत असतो.

माउथवॉशलाच सफाई समजणे

क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाची द्रावणे, साधारणपणे 0.12 किंवा 0.2 टक्के, शस्त्रक्रियेनंतर सर्रास दिली जातात आणि ती उपयोगीही आहेत. परंतु एकदा घट्ट जमलेल्या थराच्या आतल्या जिवाणूंपर्यंत ते औषध पुरेसे पोहोचत नाही, म्हणून थर आधी ब्रशने मोडावा लागतो. टूथपेस्टमधील फेस आणणारे घटक क्लोरहेक्सिडीनचा परिणाम कमी करतात. त्यामुळे ब्रश आणि हे औषध यांच्यात निदान अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे. सांगितलेल्या मुदतीपेक्षा जास्त दिवस ते वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते. जेवण आधीच नकोसे झालेल्या रुग्णाला हा त्रास लहान नाही.

प्रतिजैविकांबद्दल स्वतः निर्णय घेणे

बरे वाटू लागले म्हणून गोळ्या मध्येच सोडणारे असतात, तसेच भीतीपोटी उरलेल्या गोळ्या पुन्हा सुरू करणारेही असतात. गोळ्या किती दिवस द्याव्यात हा संशोधनाचा खरा विषय आहे. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2015 च्या आढाव्यानुसार, शस्त्रक्रियेनंतर एका दिवसापेक्षा जास्त काळ प्रतिजैविके दिल्यास जखमेतील संसर्ग बहुधा कमी होतो. मात्र एकच मात्रा आणि एक दिवसाचा उपचार यांच्या तुलनेत ठाम निष्कर्ष निघाला नाही. एवढा बारकावा असलेला निर्णय डॉक्टरांवरच सोडावा.

असे संशोधन वाचताना आणखी एक गल्लत होते. अमुक द्रव्याने लाळेतील जिवाणूंची संख्या घटली, हे वाचून संसर्गही तेवढाच घटला असे गृहीत धरले जाते. संख्या काही तासांत पुन्हा वाढू शकते, आणि जिवाणू कमी मोजले गेले म्हणजे कमी रुग्णांना पू झाला असे नव्हे. अभ्यासाने नेमके काय मोजले, जिवाणू की रुग्णाची जखम, हे पाहिल्याशिवाय कोणतेही नवे द्रव्य तोंडात घेऊ नये.

तोंड कोरडे आणि गोड ठेवणे

वरच्या जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर नाक चोंदते, तोंडाने श्वास घेतला जातो आणि लाळ सुकते. लाळेत जिवाणूंना रोखणारी प्रथिने असतात, म्हणून दिवसभर थोडे थोडे पाणी पीत राहावे. पातळ आहारात साखर बरीच जाते. प्रत्येक पेयानंतर चूळ भरावी. धूम्रपान पूर्ण बंद असावे. वरच्या जबड्याची शस्त्रक्रिया झाली असल्यास डॉक्टर सांगेपर्यंत नाक शिंकरू नये.

बधिरपणामुळे लक्षणे निसटणे

खालचा ओठ आणि हनुवटी कित्येक आठवडे, काहींच्या बाबतीत महिनोन्महिने, बधिर राहते. तिथे अडकलेला घास जाणवत नाही आणि दुखणेही उशिरा कळते, म्हणून स्पर्शावर विसंबून न राहता रोज उजेडात आरशात पाहावे. सूज साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि नंतर उतरू लागते. उतरलेली सूज एका बाजूला पुन्हा वाढली, तोंडात खारट किंवा घाण चवीचा स्राव येऊ लागला, अथवा ताप आला, तर पुढच्या ठरलेल्या तपासणीची वाट न पाहता शल्यचिकित्सकांना कळवावे. श्वास घ्यायला किंवा गिळायला अडथळा होऊ लागला, तर फोनवर वेळ न घालवता थेट रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा. जबडे तारांनी बांधलेले असतील, तर तार कापण्याची कात्री आणि ती कशी चालवायची हे माहीत असलेली व्यक्ती नेहमी जवळ असली पाहिजे.