टास्मानियाची गट-मोटारसायकल सफर: पुण्यातून निघण्यापूर्वीची आणि तिथे पोहोचल्यावरची आखणी

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला, बास सामुद्रधुनीपलीकडे वसलेले टास्मानिया हे बेट सुमारे ६८ हजार चौरस किलोमीटरचे आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या एक पंचमांशाहून थोडे मोठे. नकाशावर ते एवढेसे दिसत असल्यामुळे पुण्यातील गट दिवसाला चारशे किलोमीटरचा हिशेब मांडतात. हा हिशेब मी कोणालाही सुचवणार नाही. तिथल्या दिवसाचा टप्पा अंधार, पाऊस आणि पेट्रोल पाहून ठरवावा, आणि या तिन्हींत अंधाराला पहिला मान द्यावा.

याचे कारण तिथले प्राणी. वॉलबी आणि पॅडिमेलॉन हे कांगारूचे छोटे भाऊबंद आणि बुटका, जाडजूड वोम्बॅट हे मुख्यतः संध्याकाळी आणि रात्री बाहेर पडतात, आणि रस्त्यावर मेलेले प्राणी खाण्यासाठी टास्मानियन डेव्हिल हा छोटा मांसाहारी प्राणीही डांबरावर येतो. वोम्बॅट ठेंगणा असला तरी पंचवीस-तीस किलोचा असतो. चारचाकीचे नुकसान करणारी अशा प्राण्याशी झालेली धडक दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतू शकते. म्हणून सूर्यास्ताच्या किमान तासभर आधी सर्व गाड्या मुक्कामी लागल्या पाहिजेत. डिसेंबरमध्ये टास्मानियाची राजधानी होबार्टला सूर्य रात्री पावणेनऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे हा नियम पाळणे अजिबात अवघड नाही. पहाटे मात्र घाई करू नये. भाड्याच्या करारात रात्रीच्या वेळी प्राण्यांमुळे झालेल्या नुकसानीबाबत काय लिहिले आहे, हेही सही करण्यापूर्वी वाचावे.

ऋतू आपल्या उलट असल्यामुळे डिसेंबर ते मार्च हा काळ निवडावा. त्यातही फेब्रुवारी आणि मार्च मला अधिक पसंत आहेत, कारण शाळांच्या सुट्ट्या संपून रस्ते आणि मुक्काम मोकळे झालेले असतात. मात्र उन्हाळा म्हणून पश्चिम भाग कोरडा असेल असे समजू नये. दक्षिण महासागरावरून येणारे पश्चिमी वारे तिथल्या डोंगरांवर अडतात आणि वर्षभर पाऊस देतात. क्रेडल माउंटनच्या परिसरात भर उन्हाळ्यातही कधी कधी बर्फ पडतो. पावसाळी पोशाख आणि उबदार हातमोजे बॅगेच्या तळाशी न ठेवता सहज हाताशी येतील असे ठेवावेत.

कागदपत्रांचे काम थोडक्यात असे. परवान्यावर गिअरच्या मोटारसायकलीची नोंद हवी, आणि आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या आरटीओकडून आधीच घ्यावा. प्रवास विमा घेताना मोठ्या क्षमतेच्या मोटारसायकलीवरील अपघात त्यातून वगळलेला नाही, याची लेखी खात्री करून घ्यावी. केवळ आयएसआय शिक्का असलेले हेल्मेट तिथे नियमात बसत नाही, ईसीई २२.०५ किंवा २२.०६ या युरोपीय मानकाचे प्रमाणपत्र असलेले घ्यावे. बूट मात्र घरीच स्वच्छ घासावेत, कारण ऑस्ट्रेलियातील जैवसुरक्षा तपासणीत तळव्याची माती आणि सोबतचा फराळ या दोन्ही गोष्टी अर्जावर जाहीर कराव्या लागतात. मेलबर्नहून टास्मानियात उतरताना ताजी फळे नेण्यावर वेगळी बंधने आहेत.

सरावासाठी पुणेकरांइतकी चांगली सोय फार थोड्यांना आहे. जुलै-ऑगस्टमधील ताम्हिणी घाट म्हणजे ओला रस्ता, धुके आणि वळणापलीकडे न दिसणारे वाहन यांची खरी तालीम आहे. संपूर्ण गटाने तिथे एकत्र जाऊन पुढील पद्धत अंगवळणी पाडावी. सरळ रस्त्यावर एकाआड एक अशा तिरप्या रांगेत चालावे, वळणांवर मात्र एकामागे एक यावे. वाट बदलण्याच्या ठिकाणी पुढाऱ्याच्या मागच्या स्वाराने सुरक्षित जागी थांबून दिशा दाखवावी आणि शेवटचा स्वार, म्हणजे स्वीप, येईपर्यंत तिथून हलू नये. या पद्धतीमुळे प्रत्येकाला स्वतःच्या वेगाने जाता येते आणि पुढच्याला गाठण्याच्या नादात कोणी वळणावर चुकत नाही. माझ्या मते एका गटात आठांपेक्षा जास्त गाड्या नसाव्यात.

मार्ग होबार्टहून पश्चिमेकडे सुरू करावा. लायल महामार्गाने क्वीन्सटाउन सुमारे २६० किलोमीटर आहे. मधली गावे लहान आणि पंप मोजके असल्यामुळे न्यू नॉरफोकला टाक्या भरूनच पुढे जावे, आणि सर्वांत लहान टाकीच्या गाडीवरून थांबे ठरवावेत. डर्वेंट ब्रिजनंतर रस्ता १९८२ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या अरण्यातून जातो. डोनाही टेकडीवर थोडे चालत गेले की फ्रँकलिन नदीचे खोरे दिसते. याच नदीप्रणालीवरील नियोजित धरण ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाच्या १९८३ च्या निकालाने थांबले. धरणे आणि विस्थापन जवळून पाहिलेल्या महाराष्ट्रातील माणसाने तिथे घाईने फोटो काढून निघू नये. क्वीन्सटाउनमध्ये उतरताना लागणारी वळणे प्रसिद्ध आहेत, आणि भोवतालचे उजाड डोंगर तांबे वितळवणाऱ्या भट्ट्यांसाठी झालेली वृक्षतोड आणि गंधकाचा धूर यांमुळे तसे झाले आहेत. स्ट्राहन येथे एक पूर्ण दिवस गाड्या उभ्या ठेवून गॉर्डन नदीवर बोटीने जावे.

पुढे क्रेडल माउंटन, शेफील्ड, लॉन्सेस्टन आणि वेल्डबरो खिंडीतून सेंट हेलेन्स असा क्रम ठेवावा. राष्ट्रीय उद्यानांचा पास आधीच घ्यावा. पश्चिमेकडे अनेक ठिकाणी मोबाइल चालत नाही, म्हणून गटात एक उपग्रह-बीकन, म्हणजे उपग्रहामार्फत मदतीचा इशारा पाठवणारे यंत्र, असावा आणि आपत्कालीन क्रमांक ००० सर्वांना पाठ असावा. लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रक समोरून आले तर वळणावर डाव्या कडेची जागा राखावी. खडीच्या रस्त्यांवर कायद्याने ताशी ८० ची मर्यादा आहे, पण दुचाकीसाठी तोही वेग जास्तच आहे.

बिचेनो आणि स्वान्सीमार्गे होबार्टला परतणारा पूर्व किनारा तुलनेने कोरडा आणि सोपा आहे. शेवटच्या दिवसांत हात थकलेले असतात आणि लक्ष विमानाच्या वेळेकडे लागलेले असते, म्हणूनच हा भाग मुद्दाम शेवटी ठेवावा.